बांधकामशास्त्रांतील संशोधक आणि त्यांची ओळख

पॅरिसचा आयफेल मनोरा १८८९ सालीं उभा राहिला. त्याच्या पहिल्या सज्जाखालीं, चारी बाजूंना मिळून, बहात्तर नांवें मोठ्या अक्षरांत लिहिलेलीं आहेत. तीं राजांचीं नव्हेत. मुख्यतः फ्रान्समधील गणितज्ञ, शास्त्रज्ञ आणि स्थापत्यविशारद यांचीं तीं नांवें आहेत. ज्यांच्या गणितांवांचून आणि प्रयोगांवांचून असा मनोरा उभारणें शक्य झालें नसतें, त्यांचें ऋण गुस्ताव्ह आयफेल यानें या रीतीनें मान्य केलें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं मनोरा रंगवितांना हीं नांवें रंगाखालीं झांकलीं गेलीं, आणि १९८६-८७ सालीं तीं पुन्हां उजेडांत आणण्यांत आलीं. इमारत सर्वांना दिसते. परंतु ती उभी करणारें ज्ञान कोणाचें, हें रंगाच्या एका थरानेंही नाहींसें होऊं शकतें.

कोणत्याही पुलाची किंवा इमारतीची कोनशिला वाचून पाहावी. तीवर देणगी देणाऱ्याचें, उद्घाटन करणाऱ्याचें, फार तर वास्तूचा आराखडा काढणाऱ्याचें नांव आढळतें. चुना किती भाजावा, सिमेंटमध्यें पाणी किती घालावें, तुळई किती भार सोसेल, हें ज्यानें वर्षानुवर्षें खपून ठरविलें, त्याचा तीवर उल्लेख नसतो. यांत कोणाची दुष्टबुद्धि असते असें नाहीं. रोगी बरा झाला म्हणजे वैद्याची वाहवा होते, कारण बरें होणें ही एक घटना आहे. बांधकामाच्या संशोधकाचें यश मात्र कांहींच न घडण्यांत असतें. छत कोसळत नाहीं, पूल खचत नाहीं, भिंतीला तडा जात नाहीं. जें घडलेंच नाहीं, त्याबद्दल आभार कोणी मानावेत?

लुई विका या फ्रेंच स्थापत्यविशारदाचें उदाहरण या दृष्टीनें बोधप्रद आहे. त्याचा जन्म १७८६ सालचा. १८१२ सालीं दोर्दोन्य नदीवर सुयाक या गांवीं पूल बांधण्याच्या कामावर त्याची नेमणूक झाली. नदीच्या पात्रांत पाया घालावयाचा तर पाण्याखालींही घट्ट होईल असा चुना हवा. कांहीं खाणींच्या चुन्यांत हा गुण असे, पुष्कळांत नसे. इंग्लंडांत जॉन स्मीटन यानें १७५६ ते १७५९ या काळांत एडिस्टनचें दीपगृह बांधतांना असें ताडलें होतें कीं, ज्या चुनखडींत चिकणमातीचा अंश असतो तिचाच चुना पाण्यांत आवळतो. विकानें या तर्काला प्रयोगांची बैठक दिली. शुद्ध चुन्यांत चिकणमाती मोजून मिसळावी, तें मिश्रण पुन्हां भाजावें, पाण्यांत बुडवून ठेवावें, आणि तें किती दिवसांत किती घट्ट होतें याची नोंद करावी, असा क्रम त्यानें चालविला. निसर्गानें एखाद्या खाणीला दिलेला गुण माणसाला कोठेंही निर्माण करतां येतो, हें त्यावरून सिद्ध झालें. हे निष्कर्ष १८१८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. त्यानें आपल्या शोधाचें पेटंट घेतलें नाहीं. ज्याला हवें त्यानें तें ज्ञान वापरावें, अशीच त्याची वृत्ति होती. लीड्स येथील गवंडी जोसेफ ॲस्पडिन यानें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें तें त्यानंतर, १८२४ सालीं.

चुना घट्ट झाला कीं नाहीं हें गवंडी पूर्वीं अंगठ्यानें दाबून ठरवीत. एकाचा अंगठा दुसऱ्याच्या अंगठ्यासारखा नसतो. विकानें अंगठ्याच्या जागीं ठराविक वजनाची सुई आणली. आज भारतांत सिमेंटची परीक्षा जेथें जेथें होते, तेथें हें उपकरण असतेंच. चाळीस मिलिमीटर खोल सांच्यांत कालविलेलें सिमेंट भरतात. एक मिलिमीटर जाडीची सुई, तिच्या दांड्यासह तीनशें ग्रॅम भार घेऊन, त्यांत सोडतात. आणि ती तळाशीं पोहोंचण्यापूर्वींच अडूं लागली म्हणजे सिमेंट आवळूं लागलें असें समजतात. साध्या पोर्टलंड सिमेंटला हा वेळ तीस मिनिटांहून कमी लागूं नये असा नियम आहे. माल कालवून, घमेल्यांतून वाहून, सांच्यांत ओतून ठासेपर्यंत तो मऊ राहिला पाहिजे, हें त्यामागचें कारण. विकाचें नांव मनोऱ्यावर आहे. परंतु त्याचें खरें स्मारक ही सुई आहे.

मनोऱ्यावरील यादीचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. तींत एकाही स्त्रीचें नांव नाहीं. सोफी जर्मेन ही विदुषी १७७६ सालीं पॅरिसमध्यें जन्मली. १७९४ सालीं तेथें निघालेल्या एकोल पोलितेक्निक या विद्यालयांत स्त्रियांना प्रवेश नव्हता. तिनें तेथील व्याख्यानांच्या टिपणी मिळवून अभ्यास केला, आणि 'ल ब्लां' या पुरुषी नांवानें आपला निबंध लाग्रांज या थोर गणितज्ञाकडे पाठविला. पुढें क्लाद्नी या जर्मन शास्त्रज्ञाचे प्रयोग पॅरिसमध्यें गाजले. धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कडेवर सारंगीचा गज ओढला, कीं वाळू आपोआप सुंदर आकृत्यांत जमते. या आकृत्यांचें गणित मांडणाऱ्यास फ्रान्सच्या विज्ञान परिषदेनें पारितोषिक जाहीर केलें. जर्मेननें १८११ सालीं निबंध धाडला. त्यांत चुका निघाल्या. १८१३ सालीं दुसरा धाडला. तोही अपुरा ठरला. तिसऱ्या प्रयत्नास १८१६ सालीं पारितोषिक मिळालें. लवचिक पत्रा भाराखालीं किंवा कंपनानें कसा वांकतो याच्या गणिताचा पाया तिच्या या परिश्रमांनीं घातला गेला, आणि घराच्या छताच्या स्लॅबचें शास्त्र त्याच पायावर पुढें वाढलें. तें पुढें नेणारा नाव्हिए मनोऱ्यावर आहे, पुआसोंही आहे, जर्मेन नाहीं. १८३१ सालीं ती वारली, तेव्हां मृत्यूच्या नोंदींत तिचा व्यवसाय 'मालमत्तेच्या उत्पन्नावर राहणारी' असा लिहिला गेला. स्त्री-शास्त्रज्ञांचीं नांवेंही मनोऱ्यावर घालण्याचा मनोदय पॅरिसच्या नगरपालिकेनें २०२५ सालीं जाहीर केला. गौरवाच्या याद्याही माणसेंच करतात, आणि त्या तपासून पाहणें हें पुढील पिढ्यांचें कर्तव्य ठरतें.

मृतांच्या नांवासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें एखादा व्यवहारी गृहस्थ विचारील. त्याचें उत्तर शिकागोच्या लुइस इन्स्टिट्यूटमधील डफ ॲब्रम्स याच्या कामांत मिळतें. काँक्रीटचें बळ कशावर अवलंबून असतें, याचा शोध घेण्यासाठीं त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं सुमारें पन्नास हजार चाचण्या केल्या, आणि १८९२ सालीं रने फेरे या फ्रेंच संशोधकानें ज्या दिशेनें पाऊल टाकलें होतें ती वाट १९१८ सालीं एका सोप्या नियमापर्यंत नेली. सिमेंट, वाळू आणि खडी तींच असलीं, तर सिमेंटच्या मानानें पाणी जितकें अधिक, तितकें काँक्रीट दुबळें. सिमेंटला आवळण्यासाठीं त्याच्या वजनाच्या सुमारें चतुर्थांश पाणी पुरतें. काम सुलभ व्हावें म्हणून त्याहून थोडें अधिक घालावें लागतें. परंतु जास्तीचें पाणी शेवटीं उडून जातें, आणि आपल्या जागीं असंख्य सूक्ष्म छिद्रें ठेवून जातें.

हा नियम प्रत्येक पाठ्यपुस्तकांत आहे. तरीही माल घट्ट वाटला कीं त्यांत बादलीभर पाणी ओतण्याचा मोह कामावर होतोच. माल भरभर पसरतो, मजुरांचे श्रम वांचतात, आणि छत त्या दिवशीं तरी कोठेंही पडत नाहीं. नियम ठाऊक असूनही तो मोडला जातो, कारण तो केवळ एक आंकडा म्हणून पाठ केलेला असतो. त्या आंकड्यामागें पन्नास हजार ठोकळे फोडून पाहणारीं माणसें आहेत, हें ज्याला शिकविलें गेलें, त्याचा हात बादलीकडे जातांना क्षणभर तरी अडखळेल. संशोधक विसरला गेला कीं कारण विसरलें जातें, आणि कारण विसरलें कीं नियम मोडणें सोपें होतें. म्हणून संशोधकाची ओळख ठेवणें हें मृतांविषयींचें सौजन्य नसून जिवंत माणसांचें संरक्षण आहे.

भारतांत मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांच्या जन्मदिनीं, म्हणजे १५ सप्टेंबरला, अभियंता दिन पाळला जातो, आणि तें सर्वथा योग्य आहे. पुण्याच्या महाविद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ सालीं बसविलेले त्यांचे स्वयंचलित दरवाजे प्रसिद्धच आहेत. परंतु बांधणाऱ्याचा सन्मान आणि प्रयोगशाळेंत बसून मोजणाऱ्याचा सन्मान या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीची संवय समाजाला अद्याप लागावयाची आहे. रुडकी येथें १९४७ सालापासून इमारत-संशोधनाची स्वतंत्र संस्था काम करीत आहे. तेथें किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत विटा, चुना, माती, राख यांवर आयुष्य घालविणाऱ्यांचीं नांवें किती सुशिक्षित घरांत ठाऊक असतील?

खरा संशोधक ओळखावा तरी कसा? वरील चरित्रांतून त्याच्या तीन खुणा हातीं लागतात. तो अंदाजावर न विसंबतां मोजतो, आणि चूक निघाली तर पुन्हां मोजतो. त्याचे निष्कर्ष दुसऱ्याला पडताळून पाहतां यावेत अशा रीतीनें तो ते प्रसिद्ध करतो. आणि आपल्यापूर्वीं या वाटेनें कोण गेलें, हें तो लपवीत नाहीं. पारितोषिकें देणाऱ्या संस्थांनीं ग्रंथांची संख्या आणि पदांची मालिका पाहण्याऐवजीं या तीन गोष्टी पाहाव्यात. शिक्षकांनीं विद्यार्थ्याच्या हातीं सुई देतांना विकाची हकीकत सांगावी, आणि स्लॅबचें गणित शिकवितांना जर्मेनचें नांव घ्यावें. नवें घर बांधणाऱ्या गृहस्थानें तरी निदान एवढें विचारावें कीं, या काँक्रीटमध्यें पाणी किती घातलें, आणि तें कोणी मोजलें?