ताटावरच्या गप्पा आणि हातातले यंत्र



व्याख्यानमालेच्या चालकांनी बोलायला यावे असे सांगितले तेव्हा आम्ही विषय विचारला. "तुम्ही मित्र जेवायला जमता आणि मोबाईल-कॉम्प्युटरवर तासन् तास बोलता, तेच सांगा," असे उत्तर आले. या व्यासपीठावर ज्ञानेश्वरी झाली, अर्थसंकल्प झाला. तेथे जेवणाच्या गप्पा घेऊन उभे राहताना संकोच वाटतो. पण भंडाऱ्याच्या या उन्हाळ्यात घरचा कूलर सोडून इतकी मंडळी मैदानात येऊन बसली आहेत, त्यांना निदान आमच्या हाताखालून गेलेले असे काही सांगावे, म्हणून हा विषय पत्करला.

आम्ही सात मित्र. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणा एकाकडे जेवायला जमतो. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आहेत, एक राईस मिलवाले, एक पितळी भांड्यांच्या धंद्यातले, एक मोहाडीकडच्या कोसा विणणाऱ्या घरातले, एक पवनीकडे धान करणारे, उरलेल्यांत आम्ही. प्रारंभी बोलणे असे ते धानाच्या भावाचे आणि कोणाच्या मुलीला कोठले स्थळ आले याचे. त्यात यंत्र शिरले ते टेलिफोनच्या वाटेने. नव्वदीच्या आसपास चौकाचौकात एस.टी.डी.ची पिवळी पाटी लागली. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून आमच्यापैकी कोणी तरी भात अर्धा टाकून बूथवर रांग धरायला जाई. ट्रंककॉल लावून दिवसभर वाट पाहिलेल्या आम्हांला तो चमत्कारच होता. 31 जुलै 1995 रोजी कलकत्त्याहून दिल्लीला देशातला पहिला मोबाईल फोन झाला, तेव्हा मिलवाले म्हणाले होते, "श्रीमंतांचं खेळणं हाय बाप्पा, आपल्याकडं कशाले येते?" पुढे दोन मोबाईल घेऊन हिंडणारे आमच्यातले पहिले तेच.

आमच्या गप्पांना खरी गोडी आली ती एका रविवारी, विणकर मित्रांच्या घरी. गोळाभात होता, वर तेलाची फोडणी. कॉम्प्युटरचा शोध कोणी लावला यावर वाद चालला होता आणि प्रत्येकजण अमेरिकेतल्या एकेका कंपनीचे नाव घेत होता. आमचे विणकर मित्र स्वभावाने अबोल. ते हात धुऊन आत गेले आणि बंद पडलेल्या मागाची एक लाकडी पट्टी घेऊन आले. लुगड्याच्या काठाची नक्षी काढणाऱ्या डॉबीची ती पट्टी. तिला ओळीने भोके, काही भोकांत खुंट्या, काही रिकामी. "खुंटी हाय तर वई उचलते, नाही तर नाही. पट्ट्यांची माळ फिरत जाते, नक्षी आपोआप उतरते. तुमचा कॉम्प्युटर याच्याहून काय येगळं करते, सांगा."

आम्ही थक्क झालो, कारण बोलणे अक्षरशः खरे होते. फ्रान्समध्ये जाकार नावाच्या माणसाने 1804 च्या सुमारास रेशमाच्या मागाला भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ जोडली. भोक असेल तेथे आकडी शिरते, नसेल तेथे अडते, आणि त्याप्रमाणे धागे वर येतात. इंग्लंडातल्या चार्ल्स बॅबेजने 1830 नंतर सर्वकामी गणकयंत्राचा आराखडा मांडला, त्याला हुकूम देण्यासाठी हेच पुठ्ठे मागावरून उचलले. यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. पुढे हॉलेरिथने 1890 सालची अमेरिकेची शिरगणती भोकांच्या पुठ्ठ्यांवर मोजली, आणि त्याच्या धंद्यातून वाढत वाढत 1924 मध्ये आय.बी.एम. हे नाव आले. मोहाडीचा कोष्टी या वंशावळीत कोठे बसतो, असे कोणी विचारील. शोध त्याने लावला नाही हे कबूल. पण खुंटी आहे-नाही, या दोन शब्दांत सारे चित्र सांगता येते हे त्याला बोटांनी ठाऊक होते, आणि त्या रविवारपर्यंत आमच्यातल्या एकाही शिकलेल्याला ते ठाऊक नव्हते.

तेव्हापासून यंत्राची किंमत विचारण्याआधी त्याच्या पोटात काय चालते ते विचारायचे, असा चाळा लागला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी जुळवलेला टिफ्रॅक हा संगणक 1960 साली चालू झाला. दोन वर्षांनी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. खोलीभर व्हॉल्व, आणि स्मरणात 2048 शब्द. एकेक शब्द 40 अंकांचा, अंक म्हणजे पुन्हा आपले खुंटी आहे-नाही. गुरुजींनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर गुणाकार केला : 81,920 अंक. आठांचे एक अक्षर धरले तर 10,240 अक्षरे. मग त्यांनी नातवाचा फोटो मोबाईलवर काढला आणि त्याचे वजन पाहिले, तर एकाच फोटोत तसले तीनशे टिफ्रॅक बसत होते. त्या दिवशी वाढलेली कढी तशीच निवली. पुण्याच्या सी-डॅकमध्ये 1991 साली झालेल्या परम महासंगणकाचीही कथा अशीच निघाली. त्या कामाचे प्रमुख विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, म्हणजे आपल्या वऱ्हाडचे, यावर जेवढा वेळ गेला तेवढा यंत्रावर गेला नाही. असो.

मराठी अक्षरांचा घोटाळा मात्र सांगितलाच पाहिजे. भांडीवाल्या मित्रांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका एका ठिकाणी टंकून घेतली आणि छापायला दुसरीकडे नेली. तेथे पडद्यावर 'श्री गणेशाय' ऐवजी इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि स्वल्पविरामांची रास! मित्र घाबरले, मशीनला बाधा झाली म्हणू लागले. बाधा अशी, की त्या काळी मराठी फाँट करणारा प्रत्येकजण अक्षरांना आपापल्या मनाचे क्रमांक देत असे. एकाचा 'क' दुसऱ्याच्या घरी उद्गारचिन्ह व्हायचा. युनिकोडने जगातल्या लिप्यांना ठरलेले क्रमांक दिले. त्यात आपला 'अ' 2309 आणि 'क' 2325. आज भंडाऱ्याहून पाठवलेला निरोप अमेरिकेतल्या मुलाच्या फोनवर मराठीतच उघडतो तो या क्रमांकांच्या जोरावर. ही गोष्ट ऐकल्यावर मित्र म्हणाले, "म्हणजे वजनं-मापं एक केली, असंच ना?" आम्ही यापेक्षा चांगला खुलासा अजून वाचलेला नाही.

एवढे ऐकून आपणांस वाटेल की ही मंडळी मोठी ज्ञानी. आम्हांलाही तसेच वाटू लागले होते. आणि तेथेच पुढचे घडले.

2016 च्या एप्रिलमध्ये यू.पी.आय.ची पद्धत देशात आली. वर्षा-दोन वर्षांत भाजीच्या ठेल्यावर चौकड्यांची चौकट लटकू लागली. आमच्या जेवणात त्याचे कौतुक महिनोन् महिने चालले : पैसे या बँकेतून त्या बँकेत क्षणात कसे जातात, खात्याचा क्रमांक न सांगता कसे जातात. 2019 मध्ये गुरुजी एकाएकी येईनासे झाले. एकदा गुडघा दुखतो, एकदा पाहुणे आहेत. मधल्या एका रविवारी ते आले, जेवले, काही बोलले नाहीत. त्याच रविवारी कोणी तरी वर्तमानपत्रातली फसवणुकीची बातमी काढली. कोणा म्हाताऱ्याने स्वतःच पिन दाबून स्वतःचे पैसे घालवले होते. आम्ही सगळे पोट धरून हसलो. "पैसे घ्याले कोनी पिन दाबते का गा?" हे वाक्य आमच्यापैकीच एकाचे, कोणाचे ते सांगत नाही.

पुढे गुरुजींच्या घरच्या वहिनी आमच्या घरी आल्या तेव्हा कळले. गुरुजींना जुने लोखंडी कपाट विकायचे होते. नातवाने अ‍ॅपवर जाहिरात टाकून दिली. घेणाऱ्याचा गोड आवाजात फोन आला : पैसे पाठवले आहेत, पडद्यावर निरोप दिसेल, पिन घाला म्हणजे खात्यात पडतील. गुरुजींनी घातला. अठरा हजार रुपये गेले. आम्ही ती बातमी वाचून हसलो त्याच्या तीन आठवडे आधीची ही गोष्ट. गुरुजी आमच्याच पंगतीत बसून आमचे हसणे ऐकत होते.

आम्ही दोघे-तिघे त्यांच्याकडे गेलो. ते एवढेच म्हणाले, "तुम्हांला सांगून काय करायचे होते? चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवल्या. माझ्या चुकीवर तुम्ही हसला असता." आणि आम्ही हसलोच होतो.

श्रोतेहो, पिन लागतो तो पैसे देताना; घेताना कधीही लागत नाही. इतके एकच वाक्य आहे. बॅबेज झाला, टिफ्रॅक झाला, युनिकोड झाला, आणि हे वाक्य आमच्या पंगतीत एकदाही उच्चारले गेले नव्हते, कारण ज्यांना ते ठाऊक होते त्यांना ते सांगण्याजोगे वाटले नाही, आणि ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना विचारण्याची लाज वाटली. अशी फसवणूक झाल्यास आज 1930 या क्रमांकावर फोन करता येतो. जितक्या लवकर कराल तितके पैसे वाटेत अडवले जाण्याचा संभव अधिक. गुरुजी तीन महिने बोललेच नाहीत. लाजेपायी गेलेला तो वेळ आमच्या हिशेबी आहे.

त्यानंतर आम्ही ठराव वगैरे काही केला नाही. एक गोष्ट मात्र आपोआप ध्यानात आली. घरोघर काय होते पाहा. वडील मुलाला विचारतात, "हे कसे करायचे रे?" मुलगा म्हणतो, "द्या इकडे," आणि फोन ओढून घेऊन अंगठ्याने चार ठिकाणी टिचकी मारून परत देतो. काम होते; वडील होते तेथेच राहतात. आम्हीही गुरुजींना असेच 'शिकवले' होते. पण जेवताना उजवा हात खरकटा असतो. वरण-भाताच्या हाताने दुसऱ्याचा महागाचा फोन कोण ओढील? तोंडानेच सांगावे लागते, आणि ज्याचा फोन त्यालाच दाबावे लागते. म्हणून आता ज्याला काही विचारायचे असेल तो मागून जेवतो. बाकीचे पानावर बसलेले, तो समोर कोरड्या हाताने फोन घेऊन. घास तोंडात असल्याने सांगणाराही घाई करू शकत नाही. एकेका गोष्टीला वेळ फार लागतो, हे खरे. वहिनी मंडळी यावर काय म्हणतात ते येथे सांगत नाही; त्यांतल्या दोघी आता आपले फोन घेऊन समोर येऊन बसतात, एवढे सांगतो.

गेल्या हिवाळ्यात पवनीकडच्या मित्रांनी शेतावर रोडग्यांना बोलावले. गोवऱ्यांच्या आगीत रोडगे भाजत होते, वांग्याची भाजी रटरटत होती. धानाच्या बांधीत लाखोळी उगवून आली होती आणि तिची नोंद सातबाऱ्यावर व्हायची होती. पूर्वी ही पाहणी तलाठी लिहीत. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणीचे अ‍ॅप आले. शेतकऱ्याने आपल्या बांधावर उभे राहायचे, फोन जागा ओळखतो, पिकाचा फोटो घ्यायचा. नोंद नसली की पुढे नुकसानभरपाईला आणि धान विकायला अडचण. आमचे मित्र दर हंगामात हे काम पुतण्याकडून करून घेत. त्या दिवशी पुतण्या नागपूरला होता.

आम्ही सगळे रोडगे कुस्करत बसलेलो. गुरुजी उठले नाहीत, जागेवरूनच सांगू लागले. गट निवडा. हंगाम निवडा. रब्बी, खरीप नव्हे. आता बांधीत जा. मित्र फोन वर धरून लाखोळीत शिरले. रेंज मिळेना म्हणून चार पावले डावीकडे, चार उजवीकडे. फोटो घेतला, पाहतात तर पडद्यावर त्यांच्याच मिशा. आम्हांला हसू आले, पण गुरुजींकडे पाहून आवरले. गुरुजी शांतपणे म्हणाले, "कोपऱ्यात वळणाऱ्या दोन बाणांचे चित्र आहे, ते दाबा. माझ्या फोनवर पहिल्यांदा माझेच नाक आले होते."

मग ते स्वतःच हसू लागले, आणि बांधीतून मित्र ओरडले, "गुरुजी, आता लाखोळी दिसते! पुढं काय दाबू?"