एका सीतेचे दोन आवाज : गीतरामायणाची ध्वनिमुद्रणं ऐकताना

(संकेश्वर येथे मराठीचे शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेलं व्याख्यान)



संयोजकांनी मला ‘गीतरामायणाचं साहित्यमूल्य’ असा विषय सुचवला होता. मी तो बदलून मागितला. गीतरामायण वाचलेल्यांपेक्षा ऐकलेलीच माणसं इथं जास्त बसली आहेत, आणि मी स्वतःही ते आधी ऐकलं, मग वाचलं. म्हणून ऐकण्याबद्दलच बोलतो. एकच गीत दोन गळ्यांतून ऐकलं तर त्याचा अर्थ बदलतो का, एवढाच माझा प्रश्न आहे. तो मला पुस्तकातून पडला नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीतून पडला.

१९८७ सालची गोष्ट. शाळाशाळांची गीतगायन स्पर्धा होती आणि मी परीक्षक होतो. आठवीतली एक मुलगी उभी राहिली. घरी कन्नड, शाळेत मराठी. आपल्या भागात यात नवल काही नाही. तिनं गीतरामायणातलं शेवटून दुसरं गीत म्हटलं. वनात आणून सोडलेली सीता लक्ष्मणाला विचारते, ते. मुलगी सुरात होती. पण मी घरी रोज कॅसेट ऐकणारा माणूस. सुधीर फडके ज्या जागी थांबतात तिथं ती थांबली नाही, ते ज्या शब्दावर हलकीशी फिरत घेतात तिथं तिनं सरळ सूर लावला, आणि कडव्याच्या शेवटी आवाज खाली यायला हवा तर तिनं तो वरच टांगून ठेवला. शिवाय ‘मज’मधला दंततालव्य ज तिला येईना, ‘जीवन’मधल्यासारखा ज ती लावत होती. मी गुण कापले. उच्चाराचे कापले, आणि ‘मूळ चालीपासून फारकत’ असा शेरा लिहून आणखी कापले. निकालानंतर तिला बोलावून समजावलंही, की बाळ, चाल नीट बसव. ती म्हणाली, “सर, आमची आज्जी असंच म्हणती.” मी म्हटलं, आज्जीला सांग, कॅसेट ऐक.

हे वाक्य मला आजही टोचतं. का, ते सांगतो.

गीतरामायण आधी कॅसेटवर आलं नाही, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि कानाला कळणं वेगळं. पुणे आकाशवाणीवरच्या सीताकांत लाडांनी कल्पना मांडली, ग. दि. माडगूळकरांनी गीतं लिहिली, फडक्यांनी चाली बांधल्या. पहिलं गीत १ एप्रिल १९५५ रोजी वाजलं. त्या दिवशी शुक्रवार होता. दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवं गीत, तेच पुन्हा शनिवारी आणि रविवारी. आठवड्याला एक म्हणजे वर्षाची बावन्न व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि गीतं छप्पन्न झाली. पंचांगानं मराठीला चार गीतं जास्तीची दिली, असं मी वर्गात सांगतो, मुलं हसतात.

तीन दिवस तेच गीत. आज आपण एखादं गाणं दिवसातून वीस वेळा लावू शकतो, म्हणून या तीन दिवसांचं मोल लक्षात येत नाही. शुक्रवारी चाल कानावर पडायची, शनिवारी शब्द धरायचे, रविवारी सोबत म्हणायचं. संपलं. पुन्हा मिळेल याची खात्री नाही. माझे वडील इथल्या मिरचीच्या अडतीत दिवाणजी होते. दुकानात रेडिओ होता. ते सांगत, की रविवारी लिलावाची घाई नसायची, हमाल पोत्यांवर बसून ऐकायचे आणि मिरचीच्या खकाण्यानं खोकला आला तर बाहेर जाऊन खोकून यायचे. यातलं किती खरं, किती वडिलांनी रंगवलेलं, मला सांगता येणार नाही. पण एक हिशेब पक्का आहे. एप्रिल १९५६ मध्ये गीतरामायण संपलं तेव्हा संकेश्वर मुंबई राज्यात होतं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ते म्हैसूर राज्यात गेलं. त्या मुलीच्या आज्जीनं जर ते गीत रेडिओवर ऐकलं असेल, तर ते त्या शेवटच्या काही महिन्यांत.

आणि रेडिओवर ते गीत फडक्यांनी गायलंच नव्हतं. लता मंगेशकरांनी गायलं होतं.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी गीतरामायण म्हणजे एकट्या बाबूजींचा आवाज. तो संच त्यांनी पुढं केला. छप्पन्नच्या छप्पन्न गीतं स्वतः गायली. मूळ प्रसारणात मात्र ज्याचं गीत त्याचा आवाज होता. राम फडके स्वतः, पण दशरथ बबनराव नावडीकर, कौसल्या ललिता फडके, विश्वामित्र राम फाटक, लक्ष्मण सुरेश हळदणकर, शबरी मालती पांडे, शूर्पणखा योगिनी जोगळेकर. सीतेची इतर गीतं माणिक वर्मांकडे होती. कैकेयीवर चिडलेला भरत वसंतराव देशपांडे यांच्या गळ्यात होता. मूळ मुद्रणांतली काही मला ऐकायला मिळाली ती स्पर्धेनंतर जवळजवळ वीस वर्षांनी, एका स्नेह्याच्या संग्रहात.

त्यात पहिल्यांदा वसंतराव ऐकले. फडक्यांच्या आवाजातला भरत मला पाठ होता: रागावलेला, पण प्रत्येक अक्षर स्वच्छ ठेवून रागावलेला. शब्द कुठंही चिरडत नाही. वसंतरावांचा भरत शब्दावर तुटून पडतो. स्वर आधी उसळतो आणि शब्द त्याच्या मागून येतो. आईवर ओरडणारा मुलगा व्याकरण सांभाळत नाही, हे मला तेव्हा कळलं. पण लगेच असंही वाटलं, की फडक्यांचा भरत राजपुत्र आहे, त्याला आपण कोण हे रागातही विसरता येत नाही. कोणता खरा? मी बराच काळ वसंतरावांच्या बाजूचा होतो. आता तितका नाही.

मग सीता ऐकली. लताबाईंच्या गाण्यात प्रश्न प्रश्नच राहतो. ओळ संपते, पण मिटत नाही. आवाज उत्तराची वाट पाहत थांबतो आणि उत्तर येत नाही म्हणून पुढची ओळ सुरू होते. फडक्यांच्या गाण्यात तीच ओळ संपताना मिटते. त्यांना उत्तर नाही हे आधीच ठाऊक आहे. मला ती आठवीतली मुलगी आठवली आणि तिनं वर टांगून ठेवलेला तो सूर आठवला. तो सूर आणि हा सूर नेमका एकच होता असं मी शपथेवर सांगणार नाही. वीस वर्षांच्या आठवणीवर इतका भरवसा ठेवू नये. पण मी ज्याला ‘फारकत’ म्हटलं होतं ते चुकीचं नव्हतं, एवढं मात्र नक्की. ‘मूळ चाल’ हा शब्द मी लिहिला होता आणि मूळ काय ते मला ठाऊक नव्हतं. तिच्या आज्जीला असावं.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, की मी मूळ प्रसारणाचा कैवार घेणार आणि एकट्यानं गायलेल्या संचाला खाली बसवणार. तसं नाही. याच जागी मला गीतरामायणाची रचना पुन्हा नीट पाहावी लागली. पहिल्या गीतात काय घडतं? कुश आणि लव गाताहेत आणि राम ऐकतो आहे. शेवटच्या, छप्पन्नाव्या गीतात वाल्मीकी त्या दोन मुलांना गायला धाडतात. म्हणजे शेवटचं गीत संपतं तिथं पहिलं सुरू होतं. मधलं सगळं, दशरथाचा शोक, शूर्पणखेचा संताप, वानरांचा उत्साह, हे त्या दोन मुलांच्याच तोंडून येतंय. बत्तीस पात्रं, पण गाणारे दोघंच. या हिशेबानं एका गळ्यातून सगळी पात्रं येणं हीच गीतरामायणाची आतली गोष्ट आहे. आपला कीर्तनकार हेच करतो. उपरणं खांद्यावरून डोक्यावर घेतलं की तो कौसल्या होतो आणि पुन्हा खांद्यावर टाकलं की बुवा. कुणी विचारत नाही, की बाईचा आवाज कुठं आहे.

आता सीतेचं गीत या चौकटीत ठेवून पाहा. लताबाईंचं ऐकताना आपण वनात असतो. समोर सीता, खाली मान घातलेला लक्ष्मण. फडक्यांचं ऐकताना आपण रामाच्या सभेत असतो. मुलगा आईचा प्रश्न गातोय आणि ज्यानं तिला धाडलं तो बाप समोर बसून ऐकतोय. मुलाला ठाऊक नाही की हा बाप. प्रश्न लक्ष्मणाला आहे, पण तो पडतो रामाच्या कानावर. मग ती ओळ मिटते का, ते मला कळलं. हा घडून गेलेला प्रश्न आहे. त्याचं उत्तर देण्याची वेळ टळून गेली आहे. फडक्यांनी असा विचार करून गायलं असेल असा माझा दावा नाही. ऐकणाऱ्याला असा अर्थ लागतो, एवढंच म्हणतो.

जर्मन संगीतात एक गीतमाला आहे, शूबर्टची ‘विंटररायझं’, म्हणजे हिवाळ्यातला प्रवास. विल्हेल्म म्युलरच्या चोवीस कविता, १८२७ मधलं काम, एक गायक आणि एक पियानो. प्रेमभंग झालेला तरुण बर्फातून चालत राहतो. डीट्रिश फिशर-डीस्काऊ या गायकानं ती १९५५ पासून पुढं कित्येक दशकं पुन्हापुन्हा ध्वनिमुद्रित केली, कधी जेराल्ड मूर साथीला, कधी बारेनबोईम, कधी ब्रेंडेल. तिकडची रसिक मंडळी यातलं कोणतं चांगलं यावर तावातावानं भांडतात. लोटे लेहमन या गायिकेनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या तरुणाची गीतं बाईच्या आवाजात गायली. हे इथं सांगण्याचं कारण इतकंच, की तिथं मुद्रणं शेजारी शेजारी ठेवून ऐकणं हा अभ्यास मानतात. आपण एक कॅसेट देव्हाऱ्यात ठेवतो आणि बाकीच्यांचे गुण कापतो. ‘आपण’ म्हणजे मी.

कन्नडबद्दल बोललो नाही तर संकेश्वरात येऊन काय केलं? गीतरामायणाचा कन्नड अनुवाद बा. ह. तुळपुळ्यांनी केला, मूळ चालींवर गाता येईल असा, आणि तो उपेंद्र भटांनी गायला आहे. मी तो मराठी शेजारी ठेवून ऐकतो. मराठी शब्द बोलताना व्यंजनावर आपटून थांबतो: राम, वन, प्राण. गाताना गायकाला त्या शेवटच्या अक्षरात ‘अ’ भरावा लागतो. कन्नड शब्द बहुधा स्वरावरच संपतो, त्यामुळं चाल टेकते तिथं आयती उशी मिळते. आपल्याकडची कन्नड घरातली मुलं मराठी गीतं म्हणताना शेवटचं अक्षर पूर्ण भरतात, ते याच सवयीनं. त्यांचा ज चुकतो, हे खरं. तो शिकवायला हवा, तेही खरं. पण ओढलेल्या अक्षराला ‘कानडी हेल’ म्हणून नाक मुरडण्याआधी फडक्यांचं गाणं लावून ऐका. तेही ते अक्षर तितकंच पूर्ण भरतात.

त्या मुलीचं पुढं काय झालं मला माहीत नाही. लग्न होऊन घटप्रभेकडं गेली असं कुणीतरी सांगितलं. गुणपत्रिका माझ्याकडं नाही, असती तर दुरुस्त करून काय उपयोग होता! आज्जी तर तेव्हाच सत्तरीची असणार.

असो. मी दोन मुद्रणं आणली आहेत. शिक्षकांना विनंती, की पहिल्या खेपेला वहीत काही लिहू नका. विद्यार्थ्यांनी एकच करायचं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी आवाज कुठं जातो, वर राहतो की खाली येतो, तेवढं बोटानं दाखवायचं. एकमेकांकडं बघायचं नाही. दारं लावून घ्या, बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आहे. आधी लताबाईंचं लावा.