चहाचा मळा आणि वजनकाटा

(रेल्वे व डाक कामगारांच्या अभ्याससहलीत तंजावर येथे केलेले भाषण)



सकाळी आपण बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा 1803 चा मराठी शिलालेख पाहिला. एवढ्या दूर आपली भाषा दगडावर कोरलेली पाहून ऊर भरून आला. पण याच मुलखातून गेलेल्या मजुरांची नावे कुठल्याच भिंतीवर नाहीत. एकोणिसाव्या शतकात तंजावर, त्रिचनापल्लीकडची गरीब कुटुंबे सिलोनच्या चहामळ्यांवर कामाला गेली. पुढे 1964 च्या शास्त्री-सिरिमावो कराराने त्यांच्यापैकी 5 लाख 25 हजार लोकांना भारतात पाठवायचे ठरले. त्यातल्या अनेकांना काम मिळावे म्हणून तमिळनाडू सरकारने निलगिरीत चहाचे मळे लावले. परवा आपण निलगिरीतच एक मळा पाहिला. तो मात्र खासगी.

कुन्नूरचा घाट दातेरी रुळावरून चढताना आपली गँगमन मंडळी खिडकी सोडायला तयार नव्हती. 1899 पासून ती गाडी कुन्नूरला जाते, कौतुक वाटणारच!

मळा 'शाश्वत' म्हणून नावाजलेला. रासायनिक खत नाही, तणनाशक नाही. तण हाताने काढतात. सावलीला सिल्व्हर ओक. दोन पाने आणि एक कळी एवढेच खुडायचे. कारखान्यात पाला वाऱ्यावर कोमेजवतात, सीटीसीच्या दातेरी रोलरांतून चिरडतात, हवेवर तांबूस होऊ देतात, मग गरम हवेत वाळवून चाळतात. साधारण साडेचार किलो पाल्याचा एक किलो चहा होतो.

वजनकाट्यापाशी मात्र आपल्या पार्सल काउंटरवरच्या भगिनी थांबल्या. उभा जन्म वजन करण्यात गेलेला, त्यांची नजर चुकते कशी! दर पोत्यामागे ओलाव्याची वजावट. ती कोणत्या हिशेबाने, असे विचारताच मॅनेजरसाहेबांनी विषय बदलला. खुडणाऱ्या बाईंनी दुभाष्यामार्फत सांगितले, खत बंद झाल्यापासून पाला कमी येतो, पण रोजचा किलोचा आकडा तोच आहे. म्हणजे जमीन राखली, पाणी राखले, चांगलेच केले. भार मात्र बाईंच्या पाठीवर.

दुसरी गोष्ट घराची. 1951 च्या मळा कामगार कायद्याने घर, दवाखाना, पाळणाघर मालकावर बंधनकारक केले, पण घर नोकरीपुरतेच. क्वार्टर आपल्यालाही सोडावे लागते. आपण गावी जातो. या बाईंचे पणजोबा तंजावरकडचे, आई कँडीजवळच्या मळ्यात जन्मलेली, त्या स्वतः निलगिरीतल्या. साठीनंतर त्यांनी कुठल्या गावी जायचे?

तिथल्या मळा कामगार युनियनला वजावट आणि घर या दोन्ही बाबतींत आपण पाठिंब्याचे पत्र देत आहोत. कागद मागच्या टेबलावर आहे. गाडीला अजून अवकाश आहे, तेव्हा सह्या आत्ताच कराव्यात.