सही करण्याआधी
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत मांडलेले मनोगत)



आज बचतीचं बोलायचं नाही, एका कागदाचं बोलायचं आहे. त्याचं नाव हक्कसोडपत्र. वडील गेले की भावाचा फोन येतो, "अक्का, तालुक्याला ये, एक सही पाहिजे." माझ्या आईलाही असंच बोलावलं होतं. साडीचोळी केली, जेवू घातलं, सही झाली. कागदात काय होतं ते तिला घरी आल्यावर कळलं.

ज्या हक्कावर आपण मिनिटभरात पाणी सोडतो, तो मिळायला किती वर्षं लागली, ते ऐका.

जुन्या हिंदू कायद्यात वडिलोपार्जित जमिनीवर जन्मापासून हक्क फक्त मुलाचा. 1937 साली कायदा झाला आणि विधवेला नवऱ्याचा हिस्सा मिळू लागला. पण तोही हयातीपुरता. तिला तो मनासारखा विकता येत नव्हता. लेकीचं त्यात नावच नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडलं. लेकीला वाटा द्यायचा म्हटल्यावर संसदेत आणि बाहेर मोठा विरोध झाला, बिल अडकलं. सप्टेंबर 1951 मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, त्याचं हे एक मोठं कारण होतं. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले. त्यातला वारसाचा कायदा 1956 चा. बाईची मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली आणि वडिलांच्या वाट्यात लेक वारस झाली.

तरी जन्मापासूनचा हक्क मुलाकडेच राहिला. हिशोब करून बघा. वडिलोपार्जित चार एकर, आई आधीच गेलेली, एक भाऊ, एक बहीण. वडील वारले. आधी बाप-लेकाचे दोन-दोन एकर धरायचे, मग वडिलांचे दोन एकर दोघांत वाटायचे. भावाला तीन, बहिणीला एक.

1994 मध्ये महाराष्ट्रानं लेकीला जन्मापासून हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या वगळल्या. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर सगळ्या लेकींना तो मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. आता त्याच चार एकरांत दोन भावाचे, दोन बहिणीचे. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत का, हा वाद राहिला होता. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, गरज नाही, हक्क जन्मानंच आहे. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर नोंदणी होऊन झालेली वाटणी मोडत नाही.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि अनुसूचित जमातींतल्या भगिनींचे वारसाचे नियम वेगळे आहेत.

तुम्ही म्हणाल, "पोरी, वाटा मागितला तर माहेर तुटतं." ही भीती खोटी नाही. भावाशी भांडा असं मी सांगत नाही. भावाची परिस्थिती बघून कोणी समजून-उमजून हक्क सोडला, तर तो तिचा निर्णय. पण न वाचता केलेली सही हा निर्णय नव्हे. आणि नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे फिरवणं फार अवघड असतं.

म्हणून एवढंच करा. कागद कशाचा आहे ते विचारा, पूर्ण वाचून घ्या. सातबारा आणि फेरफार काढून बघा. "आठ दिवसांनी सांगते" म्हणा. शंका असेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथं वकिलाचा सल्ला मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

गटात पाच हजाराचं कर्ज द्यायचं तरी आपण ठराव मोठ्यानं वाचतो, मगच सह्या करतो. ती सवय माहेरच्या कागदालाही लावा. वाचता येत नसेल तर गटातल्या एखादीला सोबत न्या. कोणी नसेल तर मला हाक मारा, मी येते.