पुस्तकावर आक्षेप आला असता



पटनोंदणी, हजेरी व पोषण आहार यांविषयी आजच्या परिषदेत पुष्कळ बोलणे झाले. आता ज्या गोष्टीला कोणत्याही तक्त्यात रकाना नाही, तिच्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत. “गुरुजी, हे पुस्तकात काय छापले आहे?” असे विचारीत एखादा पालक शाळेच्या दारात उभा राहिला, तर आपण काय करावे?

प्रथम माझीच चूक सांगतो. मी मुख्याध्यापक असताना एका पालकाने वाचनपेटीतील गोष्टीच्या पुस्तकाबद्दल तोंडी तक्रार केली. गावात वाद नको, म्हणून मी ते न वाचताच कपाटात ठेवून कुलूप लावले. चौथीतील एका मुलीचे ते पुस्तक अर्धे वाचून झाले होते. “गुरुजी, पुढं काय झालं?” असे ती आठवडाभर विचारीत होती. पुढे काय झाले, हे मलाही ठाऊक नव्हते. पुस्तक योग्य होते की अयोग्य, हे मी आजही सांगू शकत नाही. तो निर्णय विचाराने झाला नव्हता, भीतीने झाला होता.

वास्तविक आक्षेप कसा ऐकावा, याचा पाठ आपल्या वर्ध्यातच मिळालेला आहे. दि. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे व त्याच्या उत्पन्नातून शिक्षकाचा खर्च निघावा, अशी त्यांची कल्पना होती. स्वावलंबनावर फाजील भर दिल्यास शिक्षक मुलांना राबवून घेतील, हा धोका डॉ. झाकीर हुसेन यांनी तेथेच बोलून दाखविला. प्रा. के. टी. शहा यांनीही आक्षेप घेतले. पुढे अभ्यासक्रमासाठी समिती नेमली गेली, तेव्हा तिचे अध्यक्ष झाकीर हुसेन हेच झाले, आणि विनोबा व काकासाहेब कालेलकर यांच्या जोडीने शहा हेही सभासद होते. शंका घेणाराला दूर न सारता कामातच बसवून घेतले, हे आपण लक्षात ठेवावे.

अलीकडची उदाहरणे पाहू. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावर मोठे वादळ उठले. ‘त्रेसष्ट’ ऐवजी ‘साठ तीन’ म्हणावयास लावून मराठी भाषा बिघडवीत आहेत, असा आक्षेप होता. विधिमंडळातही तो निघाला. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तिनाचा उच्चार आधी होतो, लिहिताना सहा आधी लिहावा लागतो. त्यामुळे लहान मुले गोंधळतात, असा खुलासा गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी केला. पुस्तकात जुनी व नवी, दोन्ही वाचने दिलेली होती. कानडी व तेलुगूतही दशक आधी उच्चारतात. मतभेदाला जागा होतीच. परंतु पान उघडून बोलणारे थोडे होते.

२०२० साली आठवीच्या मराठी पुस्तकातील यदुनाथ थत्ते यांच्या पाठावर आक्षेप आला. भगतसिंग व राजगुरू यांच्याबरोबर सुखदेवांचे नाव वगळून कुर्बान हुसेन हे नाव घातले, असे म्हटले गेले. कुर्बान हुसेन हे सोलापूरचे हुतात्मे; १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांपैकी एक. येथे खोडण्यासारखे काही नव्हते, शिकविण्यासारखे पुष्कळ होते.

याउलट २०१७ साली बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात मुलीची कुरूपता हे हुंड्याचे एक कारण म्हणून छापलेले आढळले, तेव्हा घेतलेला आक्षेप सर्वथा रास्त होता. म्हणून आक्षेप घेणारा नेहमीच चुकतो, असे समजू नये, आणि छापील अक्षर नेहमीच खरे असते, असेही समजू नये.

तेव्हा आपण पुढीलप्रमाणे वागावे. पालकास बसावयास सांगावे व त्याचे म्हणणे शांतपणे ऐकावे. पुस्तकाचे नाव, पान, वाक्य व हरकत हे चारही त्याच्याकडून लिहून घ्यावे. लिहिता येत नसेल तर आपण लिहून त्यास वाचून दाखवावे. त्याच दिवशी तो पाठ आरंभापासून अखेरपर्यंत स्वतः वाचावा. पाठ्यपुस्तक वगळण्याचा अधिकार शाळेला नाही. तो विषय केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत वर पाठवावा व तोपर्यंत पाठ चालू ठेवावा. वाचनपेटीचे पुस्तक असेल तर ते शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीनचतुर्थांश पालक असतात. मात्र पुस्तक वाचल्यावाचून कोणी मत देऊ नये. निर्णय कोणताही होवो, तो पालकास कारणासह लेखी कळवावा. आणि ज्याच्या वडिलांनी तक्रार केली, त्या मुलास वर्गात एका शब्दानेही हिणवू नये.

एवढे केले तर वाद टळतीलच असे नाही, परंतु “पुढं काय झालं?” असे विचारणाऱ्या मुलापुढे आपणास मान खाली घालावी लागणार नाही.