मोतीचं रक्त, खंड्याचा जीव

मागच्या खेपेला गोचिडांवर बोलले, तेव्हा एका गटातून प्रश्न आला, "ताई, गोचीड तापानं कुत्र्याच्या अंगातलं रक्त कमी होतं म्हणालात, मग माणसासारखं त्याला रक्त चढवता येतं का?" येतं. पण ते कुत्र्याचंच लागतं, माणसाचं चालत नाही. ही काही आजकालची टूम नाही बरं का. १६६५ साली इंग्लंडात रिचर्ड लोअर नावाच्या डॉक्टरानं एका कुत्र्याचं रक्त दुसऱ्याला दिलं होतं.

रक्त लागतं कधी? गोचीड तापात हिरड्या पांढऱ्याफटक पडतात तेव्हा. गाडीखाली येऊन खूप रक्त गेलं तर. आणि उंदराचं औषध खाल्लं तर. काही औषधांनी रक्त गोठायचंच थांबतं, नाकातून, लघवीतून वाहू लागतं. त्यावर 'के' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आहे, पण त्याचा गुण यायला काही तास जातात. तेवढे तास कुत्रं तगलं पाहिजे, त्यासाठी रक्त. चेन्नईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जनावरांची रक्तपेढी आहे. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी असं काही नाही. मग फोनाफोनी करून धडधाकट कुत्रा शोधायचा.

तो तुमचा मोती असू शकतो का? वय एक ते आठ वर्षं, वजन २५ किलोच्या वर, लसी वेळेवर झालेल्या, गाभण किंवा पाजती कुत्री नको, आणि त्याला स्वतःला आधी कधी रक्त चढवलेलं नसावं. वजनासाठी धान्याच्या मोठ्या काट्यावर उभा करा. आपली गावठी कुत्री बहुतेक यात बसत नाहीत, हलकी भरतात. तिथं "जरा कमी आहे, चालेल की" म्हणायचं नाही. ३० किलोच्या कुत्र्यात साधारण अडीच लिटर रक्त असतं. त्यातलं जास्तीत जास्त ४५० मिलिलिटर घेतात, आणि पुन्हा निदान तीन महिने त्याला हात लावू नये.

आधी त्याची रक्ततपासणी होऊ द्या. वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यातही गोचीड तापाचे जंतू लपलेले असतात, मग आपण रक्ताबरोबर आजारच देऊन बसू. गटही पाहतात. कुत्र्यांचे गट आपल्यासारखे ए, बी, ओ नसतात, वेगळे असतात. पहिल्या वेळी बहुधा निभावतं, पण ज्याला एकदा रक्त चढलंय त्याला दुसऱ्यांदा जुळवून न पाहता देणं धोक्याचं.

आता माझ्या मनातलं सांगते. बाई रक्त देते तेव्हा स्वतः हो म्हणते. कुत्र्याला कोण विचारणार? तुम्ही जवळ असताना, डोक्यावर हात असताना तो शांत पडून राहिला तर ठीक. धडपडायला लागला, दात दाखवू लागला, तर तो नाहीच म्हणतोय. डॉक्टरांना थांबायला सांगा, मग पलीकडं पाटलाचा कुत्रा असो की सख्ख्या नणंदेचा. घरच्या माणसांनी परस्पर कबूल केलं असलं तरी भाकरी घालणारीचा शब्द त्यात हवा. आणि रस्त्यावरची कुत्री धरून त्यांचं रक्त काढणं मला तरी पटत नाही. पैसे घेऊन देणंही नाही.

रक्त मानेच्या मोठ्या शिरेतून काढतात. तिथले केस कापतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम. हे डॉक्टरांचं काम, माझ्यासारख्या पशुसखीचं नव्हे. नंतर भरपूर पाणी, पोटभर खाणं, दोन दिवस धावाधाव नाही. मानेवर टोचलेलं असतं, म्हणून त्या दिवशी गळ्यात पट्टा बांधू नका. ज्यांच्याकडं बिबट्याच्या भीतीनं खिळ्यांचा पट्टा घालतात, त्यांनी तर त्या रात्री त्याला गोठ्यावर राखणीला ठेवूच नका. घरात घ्या, शेळ्याही आत बांधा.