आठ्यांवर सुई की मलम?

मी डॉक्टर नाही, डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, 20 वर्षे उन्हात रुळांवर उभा राहिलेला माणूस. भाचीच्या लग्नाआधी सौ.ला कपाळावरच्या आठ्या घालवायच्या होत्या, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो.

त्यांनी समजावले ते असे. बोटॉक्सचे इंजेक्शन स्नायू सैल करते. भुवयांमधल्या आठ्यांसाठी त्याला अमेरिकेत 2002 साली मान्यता मिळाली. आठवड्याभरात फरक दिसतो, पण 3-4 महिन्यांनी पुन्हा सुई, पुन्हा खर्च. क्वचित पापणी काही काळ ओघळते. ट्रेटिनॉइनचे मलम रात्री लावायचे. उन्हाने पडलेल्या बारीक सुरकुत्या त्याने कमी होतात, पण कित्येक महिने लागतात. सुरुवातीला कातडी सोलते. गरोदरपणात ते लावू नये.

सौ.ने मलम घेतले. लग्नात आठ्या होत्याच! म्हणाली, "तुमच्या रात्रपाळीची वाट बघताना पडल्यात, राहू देत."

निघताना डॉक्टरांनी मला विचारले, "उन्हात तुम्ही काय लावता?" मी गप्प. रूळ तुटण्याआधी देखभाल करा, हे मी गँगला रोज सांगतो. आता हेल्मेटशेजारी सनस्क्रीनची ट्यूब असते, गँगसाठीही.

गणपती बाप्पा मोरया!